विषाला लागलेल्या मुंग्या

१

सतरा नंबरची बाटली मुंबईहून परत आली तेव्हा तिचं बूच जागेवर होतं, वरचा काळा कागद जागेवर होता, आत द्रावणही होतं. गुण तेवढा गेला होता.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात १९७६ च्या उन्हाळ्यात हे घडलं. रसायनशास्त्राचे प्रमुख डॉ. लालासाहेब भोईटे यांनी बाटली हातात घेतली आणि व्हरांड्यात, सगळ्या डिपार्टमेंटसमोर, आपल्या हाताखाली संशोधन करणाऱ्या कृष्णात ऐवळेला विचारलं, "खरा माल कुणाला विकलास?" कृष्णातनं काही उत्तर दिलं नाही. न बोलणारा माणूस गुन्हेगार असतो असं आपल्याकडे शिकलेले लोकही धरून चालतात, आणि इथं तर सगळेच शिकलेले होते.

प्रिन्सिपॉलसाहेबांना पोलीस नको होते, कारण पोलीस आले की बोभाटा आला. म्हणून त्यांनी कराडहून आण्णा सूर्यवंशींना बोलावून घेतलं. आण्णा रिटायर्ड फौजदार. कमरेचा पट्टा सुटला होता, पण संशय घ्यायची सवय काही सुटली नव्हती. सोमवारी कृष्णातचं नाव कॉलेजातून काढायचं, त्याची शिष्यवृत्ती बंद करायची, हे साहेबांचं ठरलेलंच होतं. त्याच्याआधी मुद्देमाल मिळाला तर बरं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आण्णांना आधी औषध म्हणजे काय ते समजून घ्यावं लागलं. साताऱ्याकडच्या डोंगरात कळलावीचा वेल उगवतो. त्याचा कंद जहरी. भोईटे त्या कंदातलं विष काढून त्याच्या रेणूची एकेक बाजू बदलत होते. शरीरातली पेशी दुभंगते तेव्हा तिच्या आत बारीक दोऱ्या ताणल्या जातात, आणि त्या दोऱ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी रचलेल्या असतात. औषध विटेला चिकटलं की दोरी रचली जात नाही, पेशी मधेच अडकते आणि मरते. कॅन्सरची पेशी सारखी दुभंगत असते, म्हणून ती आधी मरावी हा हिशेब. अडचण एवढीच की मूळ विष रोग्यालाही सोडत नाही. सोळा रूपं फुकट गेल्यावर सतरावं रूप ट्युब्युलिनला घट्ट चिकटेल आणि माणसाला बेतानं सोसेल अशी आशा वाटू लागली. पण माणसाला द्यायला अजून कितीतरी वर्षं अवकाश होता.

सांगलीत या औषधाची परीक्षा कांद्यावर व्हायची. पाण्याच्या ग्लासवर कांदा ठेवायचा, मुळं फुटू द्यायची आणि पाण्यात औषधाचा थेंब टाकायचा. औषध खरं असेल तर मुळं वाढायची थांबतात आणि त्यांची टोकं सुजतात. सतरा नंबरनं कांद्याच्या मुळांची टोकं चांगली गाजराएवढी नाही तरी मेथीच्या दाण्याएवढी सुजवली होती. तेच औषध मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासलं, तर ते ट्युब्युलिनला चिकटेचना.

आण्णांनी भोईट्यांना विचारलं की बाटली मुंबईला कशी गेली. भोईटे म्हणाले, आपण स्वतः नेली, इथून निघालो ते थेट मुंबई, वाटेत बाटली नजरेआड केली नाही. म्हणजे अदलाबदल झाली ती इथंच, कपाटात. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे, कृष्णातकडे आणि लेक्चरर मानसिंग जाधवांकडे.

आण्णांनी ऐकून घेतलं. बाटली साहेबांच्या टेबलावर होती. तिच्या काळ्या कागदावरून मुंग्यांची एक बारीक ओळ वर चढत होती.

२

दोन माणसांकडे किल्ल्या असताना आण्णांनी आधी एकाचीच ट्रंक उघडली.

कृष्णात आटपाडीचा. आईबाप दुसऱ्याच्या रानात राबणारे, घर छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं. विश्रामबागेत तो एका घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. आण्णांनी त्याला बाहेर उभं केलं, ट्रंक ओढून दाराशी आणली आणि उजेडात एकेक वस्तू बाहेर काढली. शर्ट, पुस्तकं, बुद्धाची छोटी तसबीर, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. घरमालक कमरेवर हात ठेवून उभा होता. चटणीची पुडी आण्णांनी सोडून बघितली, आणि सोडताना त्यांना स्वतःचीच जरा लाज वाटली. पण हात थांबला नाही.

तळाशी, धोतराच्या घडीत, काळ्या कागदात गुंडाळलेली अंगठ्याएवढी कुपी निघाली.

घरमालकानं लगेच सांगून टाकलं की आजच खोली खाली करा.

३

कुपीत सतरा नंबरच आहे, हे कृष्णातनं मान्य केलं. चोरलं मात्र नाही म्हणाला. त्यानंच बनवलेलं, मोठी बाटली गळ्यापर्यंत भरल्यावर राहिलेलं तेवढं त्यानं बाजूला काढलं होतं.

"कशापायी?" आण्णांनी विचारलं.

"आमच्याकडं पाऊस भरवशाचा न्हाई," तो म्हणाला. "घरात खायाला नसलं तरी बी समदं दळत न्हाईत. बियाणं राखून ठेवत्यात. माझी आई तसंच करती, म्या बी तसंच केलं."

लॅबमध्ये का नाही ठेवलं, तर तिथल्या कपाटावरून मानसिंग सरांची आणि त्याची रोजची कुरबुर. घरी राखून ठेवल्याचं त्यानं मानसिंगना सांगितलंही होतं आणि ते त्याला हसले होते. काळा कागद कशाला, असं आण्णांनी विचारल्यावर तो म्हणाला, या जातीच्या औषधाला उजेड सोसत नाही. लॅबमधला नवखा पोरगाही ते जाणतो.

कुपी सापडल्याची बातमी तासाभरात कॉलेजभर झाली. चोर मुद्देमालासकट सापडला असं जो तो म्हणू लागला. भोईटे तर आण्णांचे आभार मानायला आले. आभार मानताना त्यांनी आण्णांच्या डोळ्याला डोळा दिला नाही, आणि आण्णांनी तीस वर्षं पोटासाठी माणसांचे डोळेच वाचले होते.

आण्णांनी मुळं फुटलेले दोन कांदे मागवले. एका ग्लासात कुपीतला थेंब टाकला, दुसऱ्यात बाटलीतला. कृष्णातला हात लावू दिला नाही आणि भोईट्यांनाही लावू दिला नाही. शनिवारी सकाळी बघितलं, तर कुपीच्या ग्लासातली मुळं टोकाला सुजून बसली होती. बाटलीच्या ग्लासातली मुळं मजेत खाली तळापर्यंत गेली होती.

प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, सिद्ध झालं, खरं औषध यानं घरी नेलं आणि बाटलीत भलतंच भरलं. आण्णांना ते पटेना. खरं औषध विकायचं असतं तर त्यानं बाटलीभर नेलं असतं, अंगठ्याएवढं कशाला? त्यांनी साहेबांच्या फोनवरून मुंबईला ट्रंक कॉल लावला. तिथल्या शास्त्रज्ञाला एकच विचारलं, की बाटलीत नक्की आहे काय. साखर? मीठ?

पलीकडून उत्तर आलं ते आण्णांनी दोनदा विचारून घेतलं. बाटलीत भलतं काहीच नव्हतं. रेणूचं वजन तेच होतं, घटकही तेच आणि तेवढेच. फक्त त्यांची आतली मांडणी बदलली होती, त्यामुळे ट्युब्युलिनच्या विटेत ते बसत नव्हतं. थोडक्यात, बाटलीत सतरा नंबरच होतं. ते कुणी बदललेलं नव्हतं. बाटलीतल्या बाटलीतच ते मेलं होतं.

४

मग मानसिंग जाधव. यांच्याकडे आण्णा खरं तर आधीच जायला हवे होते.

मानसिंगरावांच्या पोटात भोईट्यांबद्दल जेवढं साचलं होतं तेवढं सगळं बाहेर आलं. प्रमुखपद यांचं हुकलं होतं. शोधनिबंधावर नाव यांचं शेवटी. कुठल्याशा औषध कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, तेव्हा यांना चहालाही बोलावलं नाही. आण्णा मान डोलवत राहिले. असा माणूस बोलत सुटला की त्याला अडवू नये.

"आणि तोरा किती," मानसिंगराव म्हणाले. "निकाल यायच्या आधीच मुंबईहून येताना पेढ्याचा पुडा. कंदी पेढे, चांगले खमंग भाजलेले. सगळ्या डिपार्टमेंटला वाटले. मी खाल्ला नाही."

शेवटी आण्णांनी विचारलं, कृष्णात थोडं औषध राखून ठेवतो हे तुम्हांला माहीत होतं का. मानसिंगराव बराच वेळ टेबलावरचा डाग नखानं खरवडत राहिले. माहीत होतं, म्हणाले. व्हरांड्यात त्याच्यावर आळ आला तेव्हा सांगायला हवं होतं, तेही कळत होतं. पण कपाटाची दुसरी किल्ली आपल्याकडे. तो सुटला असता तर बोट आपल्याकडे वळलं असतं.

"त्यानं काही म्हटलं नाही तुम्हांला?" आण्णांनी विचारलं.

"नाही. माझ्याकडे बघितलं फक्त," मानसिंगराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

आण्णा परत साहेबांच्या खोलीत आले. मुंग्या अजून होत्या. विषाच्या बाटलीला मुंग्या कशाला येतील? त्यांनी काळ्या कागदावरून बोट फिरवलं. एका बाजूला चिकट लागलं. हुंगलं तर गुलाबाचा अगदी पुसट वास. मग गळ्याशी बघितलं. कृष्णात लॅबमध्ये कागद चिकटपट्टीनं बसवायचा. इथं चिकटपट्टी अर्धी फाटलेली होती आणि वरून जुन्या पातळाची चिंधी गुंडाळून निरगाठ मारली होती. बरणीच्या तोंडाला दादरा बांधताना आपल्या घरातल्या बायका मारतात तसली गाठ.

आण्णांनी कोट चढवला आणि भोईट्यांच्या घरी कोण कोण असतं ते शिपायाला विचारलं. इथं तर सर एकटेच राहतात, तो म्हणाला. थोरली विधवा बहीण तेवढी आहे, आक्काताई. पण ती साताऱ्याला असते, आणि बिचारीला कॅन्सर झालाय.

आण्णांनी दुपारची एस.टी. धरली.

५

साताऱ्यात माची पेठेत चढावर घर होतं. दार आक्काताईंनी स्वतःच उघडलं. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण पदर नीट आणि आवाज खणखणीत. लालाच्या कॉलेजातून आलोय म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला. आण्णांना काही विचारावं लागलंच नाही. त्यांची नजर गच्चीकडे गेली, तर कठड्याशी उन्हात तीन काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. आत गुलकंद आणि तोंडाला पांढऱ्या चिंधीचे दादरे.

"चैत्रात गुलकंद घालते मी," आक्काताई म्हणाल्या. "चांगली उन्हं खाऊ द्यायची. ऊन दाखवल्याशिवाय गुण येत न्हाई कशालाच."

"औषधाला सुद्धा?" आण्णांनी विचारलं.

त्या हसल्या. लालानं सांगितलं वाटतं तुम्हांला, म्हणाल्या. मग सगळं सांगितलं. मिरजेच्या डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर लाला सांगलीहून आला तो बाटली घेऊन. पहिल्या संध्याकाळी म्हणाला, आक्का, हे मी तुझ्यासाठी केलंय, कसं घ्यायचं ते उद्या सांगतो. रात्रभर तो झोपला नाही. सकाळी त्याचा सूर फिरला. हात लावू नकोस म्हणाला, बाटली फडताळात ठेवली, आणि भावकीतल्या वाटणीसाठी गावाकडे गेला तो आठवड्यानं आला. आक्काताईंना वाटलं, औषध अजून कच्चं असेल. काळा कागद सोडून त्यांनी बाटली गुलकंदाच्या बरण्यांशेजारी लावली. चांगली उन्हं खाऊन झाल्यावर रोज सकाळी एक चमचा घेतला. लाला यायच्या दिवशी कागद परत गुंडाळून, चिंधी बांधून, होती तशी फडताळात ठेवली.

"त्याला सांगितलं न्हाई मी," त्या हळूच म्हणाल्या. "हात लावू नको म्हणला हुता. लहान असला तरी मोठा झालाय तो आता, रागावला असता. लई कडू हुतं, पण काही अपाय झाला न्हाई बघा मला."

आण्णांनी गच्चीवरच्या बरण्यांकडे बघितलं. या बाईनं बाटलीला ऊन दाखवलं नसतं तर पहिल्या दोन-तीन चमच्यांतच तिची तिरडी उठली असती, आणि ती भावानं आणलेल्या बाटलीनं. हे तिला सांगायची त्यांची छाती झाली नाही. निघताना आक्काताईंनी त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानातले आहेत, म्हणाल्या, लाला पण न्यायचा विसरत नाही.

६

सोमवारी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत साहेब, भोईटे, मानसिंगराव आणि कृष्णात एवढेच होते. कृष्णातची ट्रंक व्हरांड्यात भिंतीला लावलेली. खोली सुटली होती, तेव्हापासून तो एका मित्राकडे निजत होता.

आण्णांनी आधी स्वतःचं सांगितलं. किल्ल्या दोघांकडे होत्या आणि मी एकाचीच ट्रंक उपसली, ती पण चार लोकांदेखत. का, ते मला ठाऊक आहे, आणि इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कृष्णातचा घरमालक मी समजावून सांगितल्यावर ऐकेल किंवा न ऐकेल, पण मी जाणार आहे. एवढं बोलून ते औषधाकडे वळले.

कुपीतलं औषध जिवंत निघालं, म्हणजे कृष्णातनं बनवलं ते खरंच होतं. बाटलीतलं भलतं नव्हतं, तेच होतं, म्हणजे कुणी बदललं नाही. ते मेलं उजेडानं. लॅबमधला कुणीही त्याला ऊन लागू देणार नाही, आणि वाईटच करायचं असतं तर बाटली फोडणं सोपं होतं. म्हणजे ऊन दाखवणाऱ्याला ते औषध वाटत होतं आणि त्याचा गुण वाढवायचा होता. कागदावर पाकाचं बोट, म्हणून मुंग्या. गळ्याला दादऱ्याची गाठ, म्हणजे घरातली बाई. आणि थेट मुंबईहून आलेल्या माणसानं वाटले साताऱ्याचे कंदी पेढे.

"भोईटेसाहेब," आण्णा म्हणाले, "बाटली आठवडाभर तुमच्या बहिणीच्या घरी होती."

भोईटे बोलले ते तुटक तुटक. तिला द्यायचंच म्हणून नेली होती. रात्री मूळ विष दिलेल्या उंदरांचे हाल आठवले आणि धीर सुटला. मुंबईचा निकाल आला तेव्हा मनात पहिलं आलं ते आक्काचं घर. पण बाटली तिथं का गेली असं कुणी विचारलं असतं, तर सांगणार काय? न तपासलेलं विष सख्ख्या बहिणीला पाजायला निघालो होतो, हे? त्यापेक्षा ऐवळेचं नाव घेणं सोपं गेलं. त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास चटकन बसला. "माझाही बसला," ते म्हणाले. "दोन दिवसांत मला खरंच वाटू लागलं की यानंच चोरलं."

"आणखी एक आहे," आण्णा म्हणाले. "त्यांनी ते घेतलंय. ऊन दाखवून झाल्यावर रोज चमचा. आधी उन्हात ठेवलं म्हणून त्या आज दार उघडायला होत्या."

भोईट्यांनी टेबलाची कड धरली. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. मानसिंगराव खिडकीबाहेर बघत राहिले.

भोईटे उठले. दाराशी गेले, दार लावून घेतलं, कडी घातली. मग कृष्णातसमोर येऊन त्यांनी हात जोडले आणि माझं चुकलं म्हणाले. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. शिष्यवृत्ती चालू राहील, नाव निघणार नाही, झालं गेलं या खोलीतच राहू दे, असं ते म्हणू लागले.

कृष्णात उभा राहिला. या सगळ्या भानगडीत त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता, आणि आताही तो चढला नाही.

"चोर म्हणालात तवा समदं डिपार्टमेंट हुतं, सर," तो म्हणाला. "आता दार कशाला लावताय?"

साहेब काहीतरी बोलणार होते, पण आण्णांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते गप्प झाले.

भोईट्यांनी कडी काढली. व्हरांड्यात प्रॅक्टिकलची पोरं उभी होती, दोन लेक्चरर होते, शिपाई होता. भोईटे उंबऱ्याबाहेर गेले आणि त्यांना थांबायला सांगितलं. कृष्णात त्यांच्या मागं येऊन, आपल्या ट्रंकेशेजारी उभा राहिला. भोईटे बोलू लागले. ऐवळेनं काही चोरलेलं नाही, खोटं मी बोललो, असं ते म्हणाले, पण पुटपुटल्यासारखं, मान खाली घालून.

मागच्या पोरांतून कुणीतरी म्हणालं, "सर, ऐकू आलं न्हाई."

भोईट्यांनी मान वर केली आणि परत पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला त्यांनी आक्काताईंचंही नाव घेतलं.